चेंडू कुठे आहे? मार्टी ग्लिकमन यांच्या समालोचनाचा आणि अध्यापनाचा प्रकरण अभ्यास

न्यूयॉर्कबाहेर मार्टी ग्लिकमन यांचे नाव घेतले जाते ते बहुधा त्यांना धावू न दिलेल्या एका शर्यतीमुळे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या ४ × १०० मीटर रिले संघातून ऐनवेळी वगळलेल्या दोन ज्यू धावपटूंपैकी ते एक होते. न्यूयॉर्क शहरात मात्र त्यांची ओळख निराळी आहे. तिथल्या दोन पिढ्यांनी बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि घोड्यांच्या शर्यती रेडिओवर त्यांच्या आवाजात ऐकल्या आणि त्या शहरातून पुढे आलेले अनेक नामवंत समालोचक त्यांच्या हाताखाली तयार झाले. प्रस्तुत अभ्यासाचा विषय ही दुसरी ओळख आहे. धावते वर्णन हे आवाजाच्या देणगीवर आणि हजरजबाबीपणावर अवलंबून असलेले, म्हणजे शिकवता न येणारे काम मानले जात असताना ते शिकवण्याजोगे कसे झाले आणि हे घडवणारा माणूस राष्ट्रीय वाहिन्यांवरचा तारा नसून एका शहराचा स्थानिक समालोचकच का होता, हे दोन प्रश्न येथे तपासले आहेत. बर्लिनचा प्रसंग टाळून हे प्रकरण सांगता येत नाही. परंतु ग्लिकमन यांच्या पुढील सगळ्या आयुष्याचे मूळ त्या एका अन्यायात शोधण्याची जी रीत पडली आहे, ती मला पटत नाही.

ग्लिकमन यांचा जन्म १४ ऑगस्ट १९१७ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, रुमानियातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. ब्रुकलिनमधील जेम्स मॅडिसन हायस्कूलमध्ये धावपटू आणि फुटबॉलपटू म्हणून नाव कमावल्यानंतर ते सिराक्यूज विद्यापीठात गेले आणि तिथे शिकत असतानाच ऑलिम्पिक संघात निवडले गेले. बर्लिनमध्ये ८ ऑगस्टच्या सकाळी, म्हणजे त्यांच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला सहा दिवस उरले असताना, प्रशिक्षक लॉसन रॉबर्टसन यांनी रिलेच्या धावपटूंना एकत्र बोलावून संघ बदलल्याचे सांगितले. ग्लिकमन आणि सॅम स्टोलर यांच्या जागी जेसी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ धावणार होते. जर्मनांनी आपले उत्तम धावपटू लपवून ठेवले आहेत, असे कारण देण्यात आले. ग्लिकमन यांच्या आठवणीनुसार ओवेन्स यांनी आपल्याला तीन सुवर्णपदके मिळालीच आहेत, या दोघांना धावू द्यावे, असे सुचवले, तेव्हा सहायक प्रशिक्षक डीन क्रॉमवेल यांनी त्यांना गप्प केले. ९ ऑगस्टला अमेरिकेने ३९.८ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकले, इटली दुसरी आली आणि ज्यांच्या भीतीने हा बदल केल्याचे सांगितले गेले ते जर्मन ४१.२ सेकंदांसह तिसरे आले.

हा निर्णय ज्यूद्वेषातून झाला की संघात कायम राहिलेले फॉय ड्रेपर आणि फ्रँक वायकॉफ हे क्रॉमवेल यांच्याच विद्यापीठाचे खेळाडू असल्यामुळे झाला, यावर दीर्घकाळ वाद चालला. ग्लिकमन स्वतः दोन्ही कारणे सांगत आणि अमेरिकन ऑलिम्पिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांच्याकडेही बोट दाखवत. ट्रॅक आणि फील्डच्या अमेरिकन चमूतले हे दोनच ज्यू होते आणि त्या चमूतून बर्लिनला जाऊनही एकदाही न धावता परतलेलेही हेच दोघे होते, ही वस्तुस्थिती मात्र कोणत्याही वादाच्या पलीकडची आहे. १९९८ मध्ये अमेरिकन ऑलिम्पिक समितीने ग्लिकमन यांचा आणि १९८५ मध्ये मरण पावलेल्या स्टोलर यांचा मरणोत्तर गौरव केला. त्या वेळी समितीचे अध्यक्ष विल्यम हिबल यांनी भेदभावाचा पुरावा दिसतो असे मान्य केले, तोवर या घटनेला ६२ वर्षे झाली होती.

बर्लिनएवढा न सांगितला जाणारा, पण या माणसाचा स्वभाव कळण्यासाठी माझ्या मते अधिक उपयोगी असलेला प्रसंग त्यानंतर वर्षभराने घडला. सिराक्यूजच्या फुटबॉल संघात ग्लिकमन यांच्याबरोबर विल्मेथ सिदात-सिंग नावाचा असामान्य खेळाडू होता. तो जन्माने कृष्णवर्णीय अमेरिकन होता. वडिलांच्या मृत्यूनंतर आईने सॅम्युएल सिदात-सिंग या भारतीय वंशाच्या डॉक्टरांशी विवाह केला आणि मुलाने त्यांचे आडनाव घेतले. या आडनावामुळे वृत्तपत्रे त्याला ‘हिंदू’ म्हणत आणि विद्यापीठाने हा गैरसमज दूर करण्याची तसदी घेतली नाही, कारण हिंदू खेळाडू चालत होता आणि काळा चालत नव्हता. ऑक्टोबर १९३७ मध्ये बाल्टिमोर येथे मेरीलंड विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यापूर्वी सॅम लेसी या कृष्णवर्णीय पत्रकाराने खरी हकीकत छापली. मेरीलंडने त्याच्याविरुद्ध खेळण्यास नकार दिला आणि सिराक्यूजने तो निमूटपणे मानला. सिदात-सिंग बाकावर बसला आणि सिराक्यूज ०-१३ असे हरले. पुढच्या वर्षी त्याच मेरीलंडला सिराक्यूजने ५३-० असे हरवले आणि त्या दिवशी सिदात-सिंग खेळला. दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृष्णवर्णीय लष्करी वैमानिकांत दाखल झालेला हा खेळाडू १९४३ मध्ये प्रशिक्षणाच्या उड्डाणात मरण पावला.

बाल्टिमोरमध्ये सिदात-सिंगला बसवले गेले तेव्हा, तो खेळणार नसेल तर मीही खेळणार नाही, असे म्हणण्याचा विचार ग्लिकमन यांच्या मनात आला होता. वर्षभरापूर्वी स्वतःवर हीच वेळ येऊन गेली असूनही ते बोलले नाहीत. पुढे आयुष्यभर त्यांना याची लाज वाटत राहिली आणि त्यांनी ती लपवली नाही. बर्लिनमुळे त्यांचा आवाज घडला अशी कथा रचणाऱ्यांना हा प्रसंग अडचणीचा ठरतो. अन्याय सोसल्याने माणूस आपोआप बोलका होत नाही. ग्लिकमन यांच्या बाबतीत तर नेमके बोलायला हवे तिथे शब्द निघाले नाहीत आणि त्याच सुमारास, पूर्णपणे वेगळ्या कारणाने, त्यांच्या हाती मायक्रोफोन आला.

ते कारण अगदी व्यापारी होते. कॉर्नेल विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात चमकलेल्या या खेळाडूच्या नावाचा आपल्या दुकानाला उपयोग होईल, या हिशेबाने सिराक्यूजमधल्या एका कपड्यांच्या व्यापाऱ्याने स्थानिक रेडिओवर त्यांचा क्रीडाविषयक कार्यक्रम प्रायोजित केला. १९३९ मध्ये पदवी घेतल्यावर ते न्यूयॉर्कला परतले आणि डब्ल्यूएचएन या केंद्रावर काम करू लागले. महायुद्धात मरीन दलात अधिकारी म्हणून पॅसिफिकच्या आघाडीवर सेवा केली आणि युद्धानंतर पुन्हा रेडिओवर आले. याच काळात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलला हजारोंची गर्दी होत होती. १९४६ मध्ये पुढे एनबीए झालेली व्यावसायिक लीग सुरू झाली आणि तिच्या पहिल्याच सामन्यात न्यूयॉर्कच्या निक्स संघाने १ नोव्हेंबर रोजी टोरोंटोमध्ये ६८-६६ असा विजय मिळवला. निक्सचे समालोचन ग्लिकमन यांच्याकडे आले आणि त्यांच्यासमोर कुणी नीट सोडवलेला नसलेला एक तांत्रिक प्रश्न उभा राहिला.

रेडिओला तोवर बेसबॉल आणि मुष्टियुद्ध मानवले होते. बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये उसंत असते. मुष्टियुद्धात माणसे दोनच असतात आणि जागा लहान असते. क्रिकेटचे वर्णनही अशाच उसंतीवर चालते. १९३४ मध्ये मुंबईत चौरंगी सामन्याचे समालोचन करणारे बॉबी तल्यारखान दिवसभर एकटे बोलत राहू शकले, कारण गोलंदाज परत आपल्या जागी चालत जाईपर्यंत किस्से सांगायला वेळ मिळत असे. बास्केटबॉलमध्ये ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद मैदानावर दहा खेळाडू असतात, चेंडू काही सेकंदांत या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि १९५४ मध्ये चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत बास्केटकडे फेकण्याचा नियम आल्यावर तर हा वेग आणखी वाढला. अशा खेळाचे वर्णन करू पाहणारा बहुधा दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. एक तर तो फक्त निकाल सांगतो, अमक्याने चेंडू टाकला, दोन गुण. नाहीतर तो उत्साहाने ओरडत राहतो आणि घरी बसलेल्या माणसाला आरडाओरड्याखेरीज काही कळत नाही.

ग्लिकमन यांनी काढलेला तोडगा भूगोलाचा होता. त्यांनी मैदानाचे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला ठरलेले नाव वापरायला सुरुवात केली. मध्यरेषा, फ्री थ्रोची रेषा, तिच्या वरचा अर्धवर्तुळाचा माथा, बास्केटखालची अरुंद पट्टी, टोकाची रेषा, डावा कोपरा, उजवा कोपरा. यांतले काही शब्द प्रशिक्षक आणि खेळाडू वापरत होतेच. ते श्रोत्याला पाठ होतील इतक्या सातत्याने रोजच्या वर्णनात आणणे, ही ग्लिकमन यांची कामगिरी. चेंडू कुणाकडे आहे, मैदानाच्या कोणत्या भागात आहे, तो खेळाडू कोणत्या दिशेने निघाला आहे आणि बास्केटपासून किती फुटांवरून त्याने फेकले, एवढे कळले की श्रोत्याच्या डोळ्यांसमोर मैदान आपोआप उभे राहते. त्यात गुणसंख्या आणि उरलेला वेळ पुन्हा पुन्हा यायला हवा, कारण रेडिओ नुकताच लावलेल्या माणसाला पहिला प्रश्न तोच पडतो. (बेसबॉलचे समालोचक रेड बार्बर याच कारणासाठी समोर अंडे उकडण्याचे तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवत आणि ते रिते झाले की गुणसंख्या सांगत.) चेंडू कड्याला न लागता थेट जाळीतून गेला की ग्लिकमन ‘स्विश’ म्हणत. जाळीचा तो आवाज त्यांनी शब्दात पकडला आणि तो आज जगभर बास्केटबॉलच्या बोलीत आहे. प्रायोजक नेडिक्स या खाद्यपदार्थांच्या दुकानांच्या साखळीचे नाव जोडून ‘गुड, लाइक नेडिक्स’ असेही ते म्हणत आणि ही जाहिरात शाळकरी मुलांच्या तोंडी बसली होती.

कबड्डीच्या श्रोत्याला या पद्धतीचे मोल लगेच कळेल. तीस सेकंदांच्या चढाईत चढाईपटूने निदान रेषा ओलांडली का, बोनस रेषेपलीकडे पाय टाकताना मागचा पाय हवेत होता का, डावा कोपरारक्षक पुढे सरकला का, हे क्रमाने सांगणारा निवेदक आणि नुसता ‘जबरदस्त पकड’ असे ओरडणारा निवेदक यांच्यात जो फरक असतो, तोच ग्लिकमन यांच्या आधीच्या आणि नंतरच्या बास्केटबॉल समालोचनात आहे.

या पद्धतीचा आणखी एक गुण म्हणजे ती तपासता येते. आवाज चांगला आहे की नाही यावर मतभेद होतात, पण गेल्या अर्ध्या मिनिटात चेंडू कुठे होता हे श्रोत्याला कळले की नाही, याचे उत्तर ध्वनिफीत पुन्हा ऐकून देता येते. जिथे चूक दाखवता येते तिथेच काही शिकवता येते. ग्लिकमन यांचे अध्यापन या एका गोष्टीवर उभे राहिले, असे माझे मत आहे. श्रोत्याचा विचार करा, हे त्यांचे सूत्र त्यांचे शिष्य आजही सांगतात. ते सुविचारासारखे वाटते खरे, पण त्याचा व्यवहारातला अर्थ कठोर होता. तुमच्या डोळ्यांना दिसणारे श्रोत्याला दिसत नाही, हे एक क्षणही विसरलात की तुमचे वाक्य वाया गेले.

आता स्थानिकतेचा प्रश्न. ग्लिकमन यांनी निक्सचे समालोचन सुमारे २१ वर्षे, न्यूयॉर्क जायंट्स या फुटबॉल संघाचे सुमारे २३ वर्षे, यॉन्कर्स येथील घोड्यांच्या शर्यतींचे १२ वर्षे आणि जेट्स या न्यूयॉर्कच्या दुसऱ्या फुटबॉल संघाचे ११ वर्षे केले. कुस्तीपासून गोट्यांच्या स्पर्धेपर्यंत त्यांना काही वर्ज्य नव्हते. पॅरामाउंटच्या वृत्तपटांतून त्यांचा आवाज चित्रपटगृहांतही पोचला. तरीही त्यांची खरी सत्ता न्यूयॉर्कच्या रेडिओवर होती आणि त्यामागे प्रसारणाच्या नियमांचा मोठा हात होता. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या धोरणानुसार संघाचा घरचा सामना त्याच्या शहरापासून ७५ मैलांच्या आत दूरचित्रवाणीवर दाखवला जात नसे. लोकांनी तिकीट काढून मैदानावर यावे हा हेतू होता, पण सगळी तिकिटे संपली असली तरी बंदी उठत नसे. न्यूयॉर्कमधल्या यँकी स्टेडियमवर झालेला १९५८ चा अजिंक्यपदाचा सामना साऱ्या देशाने पाहिला आणि न्यूयॉर्कच्या माणसाला तो पाहण्यासाठी शेजारच्या कनेक्टिकट राज्यात मोटेलची खोली घ्यावी लागली. कायद्याने ही स्थिती १९७३ मध्ये बदलली. तोवर घरच्या प्रत्येक सामन्याच्या दिवशी लाखो लोकांसमोर रेडिओ हाच मार्ग होता. डब्ल्यूएनईडब्ल्यू केंद्रावर ग्लिकमन आणि त्यांचे सहकारी, जायंट्सचे माजी खेळाडू अल डेरोगॅटिस, जे सांगतील तोच सामना होता. देशातल्या सर्वांत मोठ्या शहराला चित्राविना फुटबॉल समजून घ्यावा लागला, म्हणून शब्दांनी चित्र उभे करणाऱ्याची तिथे अशी कसोटी लागली.

या शहरातल्या मुलांनी ते वर्णन कान देऊन ऐकले आणि त्यांतली काही ग्लिकमन यांच्याकडे शिकायला आली. १९५० च्या आसपास जॉनी मोस्ट त्यांचे सहकारी होते. पुढे ते बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा आवाज झाले आणि १९५३ ते १९९० असे त्या खुर्चीत राहिले. मोस्ट इतके पक्षपाती होते की विरुद्ध संघाचा प्रत्येक खेळाडू त्यांच्या वर्णनात खलनायक होई. ग्लिकमन यांचा धडा कुठवर पोचतो आणि कुठे थांबतो, हे या शिष्याकडे पाहून कळते. मैदानाचा नकाशा मोस्ट यांनी गुरूकडून घेतला आणि स्वभाव स्वतःचाच ठेवला.

ब्रुकलिनचे मार्व्ह आल्बर्ट किशोरवयात निक्सचे बॉलबॉय होते आणि नंतर ग्लिकमन यांच्यासाठी आकडेवारी टिपून देत. २७ जानेवारी १९६३ रोजी बॉस्टनमध्ये सेल्टिक्सविरुद्ध सामना होता आणि ग्लिकमन युरोपातून परतताना अडकून पडले. त्यांनी आपल्या जागी या एकवीस वर्षांच्या मुलाला बसवले. १९६७ पासून निक्सचे समालोचन आल्बर्ट यांच्याकडे गेले आणि पुढे ते एनबीएचे देशभर ओळखले जाणारे निवेदक झाले. बास्केटबॉलच्या वर्णनात त्यांनी स्वतःची लय आणली, तरी चेंडूची जागा आधी आणि विशेषण नंतर, हा क्रम त्यांच्याकडे कायम राहिला.

नोव्हेंबर १९७२ मध्ये एचबीओ ही वाहिनी पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी या गावात सुरू झाली तेव्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या आइस हॉकीच्या सामन्याने तिचा प्रारंभ झाला आणि त्याचे वर्णन ग्लिकमन यांनी केले. वाहिनीच्या क्रीडा विभागाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. एनबीसी या राष्ट्रीय प्रसारण कंपनीने आपल्या क्रीडा निवेदकांना मार्गदर्शन करण्यासाठी त्यांना नेमले, तेव्हा त्यांची शिक्षक ही ओळख अधिकृत झाली. शिक्षक म्हणून त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र मला वाटते ब्राँक्समधल्या फोर्डम विद्यापीठाच्या डब्ल्यूएफयूव्ही या केंद्रावर झाले, जिथे विद्यार्थी महाविद्यालयीन सामन्यांचे समालोचन करत आणि ग्लिकमन त्यांच्या ध्वनिफिती त्यांच्यासमवेत ऐकत. पदवी, वर्ग, परीक्षा यांपैकी तिथे काहीच नव्हते. होती ती एक ध्वनिफीत, तो विद्यार्थी आणि वाक्यागणिक थांबवून विचारणारा एक म्हातारा माणूस. १९९१ मध्ये बास्केटबॉल हॉल ऑफ फेमने त्यांना कर्ट गाउडी पुरस्कार दिला. पुढच्या वर्षी त्यांनी समालोचन थांबवले आणि ३ जानेवारी २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

या प्रकरणातून काढता येणाऱ्या निष्कर्षांना मर्यादा आहेत. ग्लिकमन यांची पद्धत रेडिओसाठी जन्मली आणि दूरचित्रवाणीवर तिचा अर्धा भाग निरुपयोगी ठरतो, कारण चेंडू कुठे आहे हे तिथे सगळ्यांनाच दिसते. तिथे काय बोलू नये हे शिकवावे लागते आणि ते दाखवून देणे फार अवघड असते. शिवाय त्यांच्या शिष्यांची नावे आपण यशस्वी झाल्यावर घेतो. ज्यांनी त्यांच्याकडे ध्वनिफिती नेल्या आणि जे पुढे विमा विकू लागले, त्यांची मोजणी कुणी केलेली नाही. समालोचन शिकवता येते म्हणजे ते प्रत्येकाला शिकवता येते असे नव्हे.

जायंट्सच्या रेडिओ समालोचनाची, एके काळी ग्लिकमन यांच्याकडे असलेली खुर्ची १९९५ पासून बॉब पापा यांच्याकडे आली. तेही फोर्डमचे विद्यार्थी आणि ग्लिकमन यांच्यापुढे ध्वनिफीत घेऊन बसलेल्यांपैकी एक. त्या काळापर्यंत घरचे सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले होते आणि रेडिओचा श्रोता उरला होता तो गाडी चालवणारा, कामावर असलेला किंवा अंध माणूस. या श्रोत्याला आजही पहिल्याच वाक्यात कळायला हवे असते की चेंडू कोणत्या यार्डरेषेवर आहे, चारपैकी कितवा प्रयत्न (डाउन) आहे आणि पुन्हा चार प्रयत्न मिळवायला आणखी किती यार्ड हवेत.